खाणीवरचा सपाट दगड

आमच्या हिला फोटोचा नाद लागला तो पंचेचाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही बिनरंगी फोटोंचा. या वयात लोक गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात. हिने गुडघे टेकून, कोपरं टेकून, प्रसंगी सरळ पालथं पडून डोंगर, पाणी आणि ढग टिपायला सुरुवात केली.

ही दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप हिच्या टेबलावर येतं, आणि त्यावरून ही कवळी किंवा एखादा सुटा दात घडवते. तुमच्या-आमच्या लेखी दात पांढरा. हिच्या टेबलावर मात्र पांढऱ्याची एक अख्खी पट्टी पडलेली असते. पिवळट पांढरा, करडा पांढरा, जन्मभर चहा प्यायलेल्या माणसाचा पांढरा. शेजारच्या दाताशी नवा दात असा जुळवायचा की हसताना कोणाला पत्ता लागता कामा नये. लॅबमध्ये दातांचे फोटो काढायला एक जुना, फिल्मचा कॅमेरा होता. नवा आल्यावर तो कपाटात धूळ खात पडला. मालक म्हणाले, "हवा तर घेऊन जा." ही घेऊन आली, आणि आमच्या घरात अंधार झाला.

अंधार म्हणजे खरोखरचा. माझं पडद्यांचं दुकान आहे. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांची मापं घेतली, पण स्वतःच्या न्हाणीघराच्या वीतभर खिडकीसाठी दुपदरी काळा पडदा शिवावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं. एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून फोटो मोठे करायचं यंत्र आणलं. ते वॉशिंग मशीनवर बसलं. तीन ट्रे बादल्यांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसले. छताला लाल दिवा लागला. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिथे रात्र करून ही आत शिरायची ती संध्याकाळी औषधांचा आंबूस वास घेऊन बाहेर यायची.

"माझ्या अंघोळीची वेळ दारावर लिहून लावा म्हणजे बरं पडेल," माझी आई म्हणायची. आई आमच्याकडेच असते. तिच्या तोंडातली कवळी हिनेच केलेली, त्यामुळे सुनेविरुद्ध फार बोलायचं म्हटलं तर तिची जरा पंचाईत होते.

फोटो वाळले की ही ते आधी आईला दाखवायची. आई चष्मा लावून, लांब धरून, जवळ धरून बघायची आणि दर वेळी एकच विचारायची, "यात माणूस कुठाय?"

"माणूस नाहीये, आई. निसर्ग आहे."

"तेवढं कळतं मला. पण एवढ्या लांब गेलीस तर एखाद्याला उभं तरी करायचंस."

आमच्या शहरात छायाचित्र मंडळाची दरवर्षी स्पर्धा होते. त्यात कृष्णधवल निसर्गचित्रांचा वेगळा विभाग असतो. निवडलेले फोटो आठवडाभर मंडळाच्या सभागृहात लावतात. हिने दोन वर्षं फोटो पाठवले आणि दोन्ही वर्षं ते साभार परत आले. पाकिटाची कड न फाडता, इतक्या व्यवस्थित, की मला शंका यायची यांनी ते उघडून तरी बघितलं का.  ही पाकीट कपाटात ठेवायची आणि पुढच्या सुट्टीला सकाळी मला हलवून उठवायची. गाडी माझी आणि ट्रायपॉड उचलायचं कामही माझंच.

तिसऱ्या वर्षी हिने खाणीचा फोटो पाठवला.

गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. कधीची बंद पडली आहे. खाली पाणी साचून तळं झालंय आणि समोरचा कडा कापून कापून राक्षसाच्या जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा झालाय. थंडीत सकाळी पाण्यावरून धुकं उठतं आणि त्या जिन्याने हळूहळू वर चढतं. हिने तो क्षण पकडला होता. काळंभोर पाणी, करड्या पायऱ्या, आणि मधल्या एका पायरीवर दम खायला टेकल्यासारखं धुकं. मला त्यातलं फार कळत नाही, पण तो फोटो बघितला की मी आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचो.

या वेळी पाकीट आलं नाही. मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. "शनिवारी कार्यालयात येऊ शकाल का? निगेटिव्ह घेऊन या."

निगेटिव्ह कशाला मागतात, यावर आम्ही दोन दिवस तर्क लढवले. मी म्हटलं, पहिलं बक्षीस देणार असतील. ही म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

मंडळाचं कार्यालय म्हणजे एका छपाईच्या दुकानावरची खोली. जिना चढताना खालच्या यंत्राचा धडधडाट तळव्यांना जाणवतो. आत एक लांब टेबल, भिंतीला रचलेल्या चौकटी, आणि टेबलापलीकडे चिटणीस. समोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर फाईल. चिटणीसांनी ओळख करून दिली. हे लिफ्ट तपासायच्या सरकारी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. शहरातल्या निम्म्या लिफ्टमधल्या प्रमाणपत्रावर यांचीच सही.

मग चिटणीसांनी टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले.

मला क्षणभर वाटलं, हिचाच फोटो दोनदा छापलाय. तेच पाणी, तोच जिना, तोच कोन. वरच्या कोपऱ्यात डोकावणारं झुडूपसुद्धा तेच. फक्त धुकं एका फोटोत मधल्या पायरीवर होतं आणि दुसऱ्यात एक पायरी वर.

"परीक्षकांना दोन्ही आवडलेत," चिटणीस म्हणाले. "पण एकसारखे दोन फोटो आम्ही भिंतीवर कसे लावणार? आणि लोक विचारणारच, कोणी कोणाचा बघून काढला."

"मी कोणाचं बघून काढत नसतो," लिफ्टवाले म्हणाले. त्यांनी फाईल उघडून निगेटिव्ह पुढे सरकवली. "माझा फोटो गेल्या हिवाळ्यातला आहे. मॅडमचा कधीचा?"

"या हिवाळ्यातला," ही म्हणाली.

"म्हणजे माझा आधीचा."

"असेल. पण तो तुम्ही मला दाखवला होता का?"

लिफ्टवाल्यांनी विचार केला. "नाही. घराबाहेर कोणालाच दाखवला नव्हता."

"मग मी बघणार कुठे?"

 चिटणीस हाडाचे भले गृहस्थ. कोणालाच खोटं पाडायची त्यांची इच्छा नव्हती. ते म्हणाले, निगेटिव्ह दोघांच्याही अस्सल आहेत, त्यामुळे मंडळाची काही तक्रार नाही. दोघांनी मिळून ठरवा कोणाचा ठेवायचा. ज्याचा मागे घेतला जाईल त्याने हवा तर दुसरा फोटो द्या, पण पुढच्या शनिवारपर्यंत.

जिना उतरताना लिफ्टवाले एका पायरीवर थांबले. "मॅडम, मी कधीही जागा बघितल्याशिवाय सही केलेली नाही. उद्या सकाळी खाणीवर याल?"

"येते," ही म्हणाली.

रात्री जेवताना मी म्हटलं, "चांगलं तोंडावर विचारलंस त्यांना." हिने नुसती मान हलवली. माणूस खोटा वाटत नाही, आणि तेच जास्त त्रासाचं आहे, असं तिचं म्हणणं पडलं. चोर निघाला असता तर भांडून मोकळं होता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा लिफ्टवाले आधीच हजर होते. एकमेकांना नमस्कार करून आम्ही वर निघालो. ते पुढे, ही मागे, मी सामानासकट सगळ्यात मागे. खाणीच्या काठाचा तो उतार म्हणजे नुसती घसरण. फोडलेल्या दगडाच्या कपच्या पायाखाली सरकतात आणि माणूस दोन पावलं वर गेला की एक खाली येतो. कोणी कोणाला वाट विचारली नाही. तरी दोघंही एकाच जागी जाऊन थांबले.

तिथे जमिनीत रुतलेला एक सपाट दगड आहे. जेवणाच्या टेबलाएवढा असेल.

"मी इथून काढला," ही म्हणाली.

"मीही," लिफ्टवाले म्हणाले.

त्यांनी आपला ट्रायपॉड उघडला आणि दगडापासून जरा डावीकडे लावून बघितला. एक पाय लगेच कपच्यांत घसरला. उजवीकडे लावला, तिकडे दोन घसरले. खिशातून पाण्याचा बुडबुडा असलेली नळी काढून त्यांनी वर, खाली, सगळीकडे समतल आहे का ते तपासलं. लिफ्ट तपासायला यायचे तेव्हा इमारतीतले लोक का धास्तावत असतील ते मला तेव्हा कळलं. शेवटी ते दगडावर परत आले, ट्रायपॉड ठेवला, नळी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

"या अख्ख्या काठावर तीन पाय स्थिर राहतील अशी ही एकच जागा आहे," ते म्हणाले. एखादा अहवाल वाचून दाखवावा तसे.

 ही वाकून दगडाकडे बघत होती. मग तिने आम्हाला बोलावलं. दगडाच्या पाठीवर तीन बारीक खळगे होते, त्रिकोणात. आत शेवाळ धरलेलं.

"हे तुमच्या ट्रायपॉडचे?" हिने विचारलं.

"माझ्याला रबरी टोपणं आहेत."

"माझ्यालाही."

मग तिघंही आम्ही त्या खळग्यांकडे बघत राहिलो. आमच्या कितीतरी आधी कोणीतरी लोखंडी टोकांचा जड स्टँड घेऊन हा उतार चढलं होतं. इथेच, याच पायऱ्यांसमोर, धुक्याची वाट बघत उभं राहिलं होतं. एकदाच नाही, कारण एकदा टेकवून दगडात खळगा पडत नाही.

आधी ही हसली. मग लिफ्टवाले हसले. हसले की ते एकदम वेगळेच दिसायचे. मी आपला थर्मासमधला चहा ओतला आणि डबा उघडला. दगडावर तिघांना पुरेल एवढी जागा होतीच.

चहा पोटात गेल्यावर भांडण उलट्या दिशेने सुरू झालं.

"तुमचा ठेवा," लिफ्टवाले म्हणाले. "तुमचं धुकं जास्त चांगलं आलंय."

"छापलंय चांगलं. फोटो तुमचाच चांगला आहे. तुमचं धुकं योग्य पायरीवर पोचलंय, माझं एक पायरी खालीच राहिलंय."

"पण माझं पांढरंफटक दिसतं. नुसता कागद."

"तुम्ही छापायला कुठे देता?"

"बाजारात. एका दुकानात."

हिने हात पुढे केला. लिफ्टवाल्यांनी फाईलमधून निगेटिव्ह काढून दिली. तिने ती कडेला धरून आकाशासमोर उंच केली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं. लॅबमध्ये दात खिडकीशी धरून बघते, अगदी तशी.

"आहे," ती म्हणाली. "धुक्यात सगळं आहे. मागची पायरीसुद्धा दिसतेय. दुकानदाराने बाहेर काढलं नाही एवढंच. मी छापून देते."

 लिफ्टवाल्यांना ते पटत होतं आणि पटत नव्हतंही. "वहिनी, मग तो फोटो कोणाचा म्हणायचा?"

मॅडमची वहिनी कधी झाली ते त्यांनाही कळलं नसावं.

"भावजी, तुम्ही थंडीत उभे राहिलात, तुम्ही थांबलात, तुम्ही बटण दाबलंत. मी काय, आतलं बाहेर काढणार."

"दात काढतात तसं," मी म्हटलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी धुकं नव्हतंच. वारा सुटला होता आणि पाणी सारखं शहारत होतं. लिफ्टवाले म्हणाले, आज काही मिळायचं नाही, आणि ट्रायपॉड मिटायला लागले. हिने मात्र कॅमेरा गळ्यात अडकवला आणि खाली पाण्याकडे निघाली. मी मागे धावलो. पडद्याच्या उरलेल्या कापडाची, आत धान्य भरलेली एक उशी मी तिला शिवून दिली होती. ती तिने काठावरच्या चिखलात ठेवली, उशीवर कॅमेरा ठेवला आणि स्वतः पालथी पडली. समोरचा जिना पाण्यात उलटा पडला होता, आणि वाऱ्याने त्याच्या पायऱ्या मोडत आणि पुन्हा जुळत होत्या.

"वहिनी, समतल नाहीये," वरून आवाज आला.

"नसू दे," खालून उत्तर गेलं.

ती उठली तेव्हा पुढून पूर्ण चिखलाने माखली होती आणि चेहरा असा होता, जसा मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर फारसा बघितला नव्हता. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "गाडीत काहीतरी अंथरा, सीट खराब होईल."

आठवड्यात मध्येच एक सुट्टी आली, त्या दुपारी लिफ्टवाले आमच्या घरी आले. आईने दार उघडलं. ते म्हणाले, "मी फोटो छापायला आलोय." आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आत येऊन मला हळूच म्हणाली, "आता परकी माणसंही न्हाणीघरात?" पण त्यांनी आत जाण्याआधी चपला नीट जोडून भिंतीला लावल्या, तेवढ्यावर आईचं मत बदललं.

काळा पडदा ओढला. लाल दिवा लागला. न्हाणीघरात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून मी दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. ही यंत्राखाली कागद ठेवून प्रकाश टाकायची, मग बाकी चित्रावर दोन्ही हातांची सावली धरून फक्त धुक्याला जास्तीचा प्रकाश द्यायची, कारण त्या कागदावर जितका प्रकाश जास्त तितकं गडद उमटतं. हात सतत हलते ठेवावे लागतात, नाहीतर सावलीची कड उमटते. पहिला कागद वाया गेला. दुसरा बरा आला, तो हिने नाकारला. तिसराही नाकारला.

"चांगला तर आहे," लिफ्टवाल्यांचा आवाज.

"दात चांगला असून चालत नाही, भावजी. शेजाऱ्याला शोभला पाहिजे."

 नंतर नुसता पाण्याचा हलका आवाज, ट्रे हलवल्याचा. मग लिफ्टवाले अगदी हळू म्हणाले, "अरे, आली की पायरी." मागची ती पायरी, जी त्यांनी थंडीत स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती आणि दुकानातून आलेल्या फोटोत हरवली होती.

त्याच दुपारी हिने आपला पाण्याचा फोटोही छापला.

शनिवारी आम्ही तिघं मंडळात गेलो. नव्याने छापलेला फोटो चालेल का, असं लिफ्टवाल्यांनी रीतसर विचारलं आणि कोणी छापला तेही सांगितलं. चिटणीस म्हणाले, "निम्मे लोक बाहेरूनच छापून घेतात. आधीचाही तुम्ही दुकानातूनच आणला होतात ना?" हिने खाणीचा आपला फोटो मागे घेतला आणि पाण्याचा दिला. चिटणीसांनी तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "वरची बाजू कुठली?" असं विचारून त्यांनी मागे पेन्सिलीने बाण काढून घेतला.

निकाल लागला. लिफ्टवाल्यांना दुसरं बक्षीस. पहिलं कोणा एका शिक्षिकेच्या बर्फाच्या फोटोला. हिच्या पाण्याला बक्षीस नाही, पण प्रदर्शनासाठी निवड झाली.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी दुकानात कापड वाकडं कापत होतो. शेवटी न राहवून म्हटलं, "तुझ्या हातांनी दुसऱ्याला बक्षीस मिळवून दिलंस. तुला काहीच वाटत नाही?"

ही भाजी निवडत होती. "वाटतं की. ऐकल्यावर जरा लागलंही. पहिल्या दिवशी." तिने एक देठ मोडून बाजूला टाकलं. "पण माझं काम आयुष्यभर दुसऱ्याच्याच तोंडात असतं. तो मनापासून हसला की मला कळतं, नीट बसलंय. आणि यंदा पाकीट परत आलं नाही, हे विसरलात वाटतं?"

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आईसुद्धा आली. नवी साडी नेसून, कवळी घासून. लिफ्टवाल्यांचा फोटो मधल्या भिंतीवर, वर खास दिवा. खाली पाटीवर त्यांचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत छपाई कोणाची ते लिहिलेलं. ते त्यांनी चिटणीसांच्या मागे लागून लिहून घेतलं होतं. मंडळाच्या पाट्यांवर अशी ओळ आजवर कधी नव्हती म्हणे. बघणारे लोक त्या फोटोसमोर आले की बोलणं कमी करत होते, हे मी स्वतः बघितलं.

लिफ्टवाल्यांचा मुलगा आणि सून आली होती. ते त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "ही मागची पायरी बघा, ही." मग त्यांनी मला बाजूला घेतलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक पाणथळ जागा आहे, तिथे ते पुढच्या सुट्टीला जायचं म्हणत होते. "तिथे ट्रायपॉड लावायला कितीतरी जागा आहेत," ते म्हणाले. "मी तपासून आलोय."

मी हिला शोधायला निघालो. तिचा फोटो टोकाच्या भिंतीवर होता, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, जिथे दिव्याचा उजेड जेमतेम पोचत होता. त्याच्यासमोर दोन मुली उभ्या होत्या, कॉलेजातल्या असाव्यात. पाणी प्यायला आल्या होत्या आणि पेले हातात धरून तिथेच अडकल्या होत्या.

"हे कापड आहे," एक म्हणत होती. "चुरगळलेलं."

"कापड कसलं? हे ढग आहेत, वरून काढलेले."

"ढगांना अशा रेघा असतात का?"

दुसरी फोटोला नाक लागेल इतकी पुढे वाकली. मग मागे झाली. मग पुन्हा पुढे. ही त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभी होती आणि कान टवकारून ऐकत होती.

मी जवळ जाऊन कुजबुजलो, "सांगू का त्यांना, पाणी आहे म्हणून?"

"गप्प बसा," ही पुटपुटली. नजर मुलींवरच होती, आणि ओठ हसू दाबून धरलेले. "बघू दे त्यांना अजून थोडा वेळ."